ध्यानाने मेंदूची घडण बदलते काय?

कऱ्हाडच्या शेजारी, पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मलकापूर हे गाव आहे. त्याला लागूनच आगाशिवाचा डोंगर असून, जखिणवाडीच्या बाजूने तो चढू लागले म्हणजे काळ्या खडकात कोरलेली बौद्ध लेणी एकामागून एक दृष्टीस पडतात. ती संख्येने साठाच्या आसपास व सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. अजिंठ्याची चित्रे किंवा वेरूळचे शिल्पवैभव येथे शोधू जाणाराची निराशाच व्हावयाची. येथे बहुतेक साध्या व लहान खोल्या आहेत. कित्येकींत खडकातच राखलेला एक ओटा आणि उजेड येण्यापुरते दार, एवढाच काय तो संसार. पावसाळ्यात फिरती थांबवून भिक्षूंनी एके ठिकाणी राहावे असा त्यांचा नियम होता, आणि अशी स्थाने त्याकरिताच दात्यांनी खोदवून दिलेली असत. त्या काळी कऱ्हाडचे नाव दूरवर गेलेले होते. मध्य प्रदेशातील भरहूतच्या स्तूपावर 'करहकट' नगराने दिलेल्या दानाचा लेख आहे. हे करहकट म्हणजेच कऱ्हाड, असे इतिहासज्ञ मानतात.

डोंगराखाली, त्याच मलकापुरात, १९८४ सालापासून वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे मोठे रुग्णालय आहे. ओट्यावर डोळे मिटून बसलेला भिक्षू आणि मेंदूची छायाचित्रे प्रकाशाकडे धरून पाहणारा डॉक्टर ह्यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे पन्नास वर्षांपूर्वी कोणास सांगितले असते तर ते हसण्यावारी गेले असते. परंतु गेल्या वीस वर्षांत जगातील अनेक प्रयोगशाळांत नेमका हाच संबंध शोधला जात आहे. श्वासाकडे लक्ष देऊन रोज काही काळ स्वस्थ बसले असता मेंदूचा आकार, त्याची जाडी, त्याची घडण प्रत्यक्ष बदलते काय, हा तो प्रश्न होय.

प्रश्न पंडितांचा दिसतो खरा. पण त्याचा धक्का घराघरांना लागतो. ज्या घरात वडील मनुष्य अलीकडे नावे विसरू लागला आहे, स्वयंपाकघरात जाऊन 'कशासाठी आले बरे?' असे आजी दिवसातून चारदा विचारते, त्या घरी कोणी तरी वर्तमानपत्राचे कात्रण किंवा दूरध्वनीवर आलेला मजकूर दाखवितो: 'आठ आठवडे ध्यान करा, स्मरणशक्तीचे केंद्र वाढते.' मुलगा आशेने वर्गाचा पत्ता शोधतो. ही आशा कितपत खऱ्या पायावर उभी आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रथम ध्यान कोणते ते ठरवू. ह्या संशोधनात ज्याला 'माइंडफुलनेस' म्हणतात, त्याचे मूळ पालीतील 'सति' ह्या शब्दात आहे. सति म्हणजे संस्कृतातील स्मृतीच. केवळ मागचे आठवणे असा त्याचा अर्थ नसून, आता ह्या क्षणी काय चालले आहे त्याचा विसर पडू न देणे, असा आहे. श्वास आत येत आहे, बाहेर जात आहे. गुडघा दुखत आहे. मनात राग उठला आहे. हे जसे आहे तसे लक्षात घ्यावयाचे, आणि मन भरकटले म्हणजे त्याला न रागावता परत आणावयाचे. मराठीत ह्याला 'सजगता' म्हणणे बरे. मंत्रजप, त्राटक किंवा समाधी ह्यांहून ही रीत निराळी आहे. सगळ्या साधनांची एकच मोट बांधून 'ध्यानाने अमुक होते' असे म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, तिने गोंधळच अधिक होतो.

ही विद्या आगाशिवासारख्या डोंगरांतून शतकानुशतके नाहीशी झाली होती. तिच्या ग्रंथांची ओळख मराठी वाचकाला पुन्हा करून देण्यात सर्वांत मोठा वाटा धर्मानंद कोसंबी ह्यांचा. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेला हा गृहस्थ बुद्धाचा धर्म शिकण्यासाठी घरदार सोडून निघाला, सिंहलद्वीपात १९०२ साली दीक्षा घेता झाला, ब्रह्मदेशात राहिला, आणि पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' ह्या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेला. पाचव्या शतकातल्या ह्या ग्रंथात श्वासावर चित्त ठेवण्याच्या अभ्यासाचे सविस्तर विवेचन आहे. ग्रंथ आला, तरी अभ्यासाची चालती परंपरा आणखी पुढे आली, आणि तीही ब्रह्मदेशातूनच. मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका १९५५ च्या सुमारास तीव्र अर्धशिशीने त्रस्त होऊन रंगूनच्या ऊ बा खिन ह्यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन सरकारी हिशेबखात्यातले वरिष्ठ अधिकारी होते. गोयंकांनी १९६९ साली मुंबईत पहिले शिबिर घेतले, आणि १९७६ साली इगतपुरीस धम्मगिरी हे केंद्र सुरू झाले. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणे, दिवसाकाठी सुमारे दहा तास बैठक. पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहावयाचा, पुढे अंगावरील संवेदना. फी नाही; जुन्या साधकांच्या दानावर खर्च चालतो.

इकडे अमेरिकेत १९७९ साली जॉन कॅबट-झिन ह्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत, जुनाट दुखण्यांनी व चिंतेने गांजलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा एक वर्ग काढला. त्यात धर्म, दीक्षा, गुरू काही ठेवले नाही. सजगता तेवढी ठेवली. मेंदूच्या संशोधकांना हा वर्ग फारच सोयीचा वाटला, कारण औषधाच्या मात्रेप्रमाणे त्याचे माप ठरलेले होते.

मुळात प्रौढ माणसाचा मेंदू बदलू शकतो, ही कल्पनाच नवी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्पेनचे थोर शरीरशास्त्रज्ञ रामोन ई काहाल ह्यांनी असे मत मांडले होते की, वाढ पुरी झाल्यावर मज्जातंतूंचे मार्ग कायमचे ठरून जातात. त्यांत मरणे संभवते, नवे उगवणे नाही. पुढे हे मत ढिले होत गेले. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी त्या शहराचे हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. तेथील एलिनॉर मॅग्वायर ह्या संशोधिकेने २००० साली दाखविले की, त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस ह्या भागाचा मागचा अंश इतरांहून मोठा असतो. हिप्पोकॅम्पस हा कानशिलाच्या आत खोलवर असलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा लहानसा भाग असून, नव्या आठवणी व जागांची ओळख ह्यांचे ते ठाणे होय. २००४ साली जर्मनीत काही माणसांना तीन महिने तीन चेंडू झेलण्याची कसरत शिकविली, तेव्हा दिसणाऱ्या हालचाली टिपणारा त्यांच्या मेंदूचा भाग किंचित वाढलेला आढळला. कसरत सोडल्यावर पुढील तीन महिन्यांत ती वाढ बरीचशी ओसरली. गवयाचा गळा रियाज सुटला की उतरतो, हे गायकांच्या घरी कोणाला सांगावे लागत नाही. तसलाच हा प्रकार.

मग ध्यानाचीही कसरत मेंदूत उमटत नसेल काय? २००५ साली सारा लाझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये, हार्वर्डशी संलग्न असलेल्या रुग्णालयात, विपश्यनेच्या परंपरेतील वीस साधक व पंधरा इतर माणसे ह्यांचे मेंदू तपासले. कोसंबी ज्या विद्यापीठात तो पाली ग्रंथ घेऊन बसले होते, त्याच्याच परिसरात शंभरेक वर्षांनी ही तपासणी व्हावी, हा एक मौजेचा योग. साधक भिक्षू नव्हते. नोकरीधंदा सांभाळून सरासरी नऊ वर्षे, आठवड्याला सुमारे सहा तास बसणारे संसारी लोक होते. मेंदूवरचे करडे आवरण मुळात अडीच-तीन मिलिमीटर जाडीचे. कपाळामागच्या व शरीराच्या आतील संवेदना टिपणाऱ्या काही भागांत साधकांचे हे आवरण थोडे अधिक जाड आढळले. शिवाय कपाळामागच्या एका ठिकाणी, चाळिशी-पन्नाशीतल्या साधकांची जाडी विशी-तिशीतल्या माणसांइतकी होती. वयाबरोबर हे आवरण झिजते, म्हणून ह्या एका निरीक्षणावर आशेचा केवढा तरी डोलारा उभा राहिला.

त्यावर कळस चढला २०११ साली. त्याच गटातील ब्रिट्टा होल्त्सेल ह्यांनी आठ आठवड्यांच्या वर्गात बसलेल्या सोळा माणसांचे मेंदू आधी व नंतर तपासले आणि वर्गाची वाट पाहणाऱ्या सतरा जणांशी त्यांची तुलना केली. साधक रोज सरासरी सत्तावीस मिनिटे अभ्यास करीत. त्यांच्या डाव्या हिप्पोकॅम्पसमध्ये व आणखी काही भागांत करड्या द्रव्याची दाटी वाढलेली आढळली. बातमी जगभर गेली, आणि आजीच्या घरी येणारे कात्रण बहुधा ह्याच बातमीचे नातवंड असते.

येथे थोडे थांबून दोन-तीन शंका काढणे भाग आहे. मलकापुराजवळच गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचे गाव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवून त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. आता कोणी कऱ्हाडच्या तालमींतले मल्ल व बाजारातले कारकून ह्यांच्या दंडांची मापे घेऊन म्हणाला की, मल्लांचे दंड जाड, म्हणून सगळा प्रताप तालमीचा, तर ते अर्धेच खरे. तालमीने दंड भरतो ह्यात संशय नाही. पण ज्याची हाडापेराची ठेवण मुळातच भक्कम तोच पोरगा तालमीत टिकतो. खाशाबांचे वडील दादासाहेबही मल्लच होते. त्याचप्रमाणे नऊ नऊ वर्षे न कंटाळता डोळे मिटून बसणारा मनुष्य आधीपासूनच काही निराळा नसेल कशावरून? नुसत्या तुलनेने ह्याचे उत्तर मिळत नाही. माणसे आरंभापासून पाहावी लागतात. लंडनच्या टॅक्सीवाल्यांच्या बाबतीत तसे पाहिले गेले. परवान्यासाठी अभ्यास करणारे एकोणऐंशी उमेदवार काही वर्षे पाहण्यात आले. त्यांपैकी एकोणचाळीस उत्तीर्ण झाले, आणि वाढ आढळली ती ह्या उत्तीर्णांच्याच मेंदूत. हा निष्कर्ष २०११ सालचा.

दुसरी शंका यंत्राची. चुंबकाच्या साह्याने काढलेले हे चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे. शरीरातील पाण्याच्या कणांकडून येणाऱ्या सूक्ष्म संदेशांवरून गणिताने ते रचलेले असते. करड्या द्रव्याची 'दाटी' वाढली म्हणजे नव्या पेशी उगवल्या असे म्हणता येत नाही. रक्तवाहिन्या, पेशींच्या शाखा, आधारपेशी, पाण्याचे प्रमाण, कशानेही तो आकडा हलतो. आणखी एक गंमत अशी की, यंत्रात डोके किंचित हलले, तर आवरण आहे त्याहून पातळ मोजले जाते, हे सिद्ध झाले आहे. आता स्वस्थ बसण्याचा ज्याला वर्षानुवर्षे सराव, तो यंत्रातही अधिक स्थिर पडून राहील, हे उघड आहे. त्याचा मेंदू केवळ तेवढ्यानेच जाड दिसण्याचा संभव लक्षात ठेवला पाहिजे.

तिसरी शंका संख्येची. सोळा माणसे फार थोडी. शिवाय होल्त्सेल ह्यांच्या पाहणीत कोणी वर्गात बसावे व कोणी थांबावे हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते.

ह्या शंकांचे निरसन करण्याचे काम ध्यानाच्या विरोधकांनी केले असते, तर लोक त्याला आकस म्हणते. परंतु ते केले अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड डेव्हिडसन ह्यांच्या प्रयोगशाळेने. हे डेव्हिडसन स्वतः ध्यान करणारे, दलाई लामांच्या निकटचे, भिक्षूंच्या मेंदूंवर अनेक वर्षे संशोधन केलेले. तेथे दोन प्रयोग एकत्र करून, पूर्वी कधी ध्यान न केलेली दोनशे अठरा माणसे घेण्यात आली, आणि चिठ्ठ्या टाकावयाच्या रीतीने त्यांचे तीन गट पाडले: एक सजगतेच्या आठ आठवड्यांच्या वर्गाचा, दुसरा व्यायाम, आहार, संगीत ह्यांच्या तितक्याच काळाच्या वर्गाचा, तिसरा नुसता वाट पाहणारांचा. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मेंदूच्या घडणीत तिन्ही गटांत ध्यानामुळे पडलेला म्हणता येईल असा फरक आढळला नाही, हिप्पोकॅम्पसमध्येही नाही.

आठ आठवडे थोडे पडले असतील, अशी पळवाट कोणी काढील. तिलाही त्याच वर्षी उत्तर मिळाले. फ्रान्समधील कां ह्या शहरी पासष्ट वर्षांवरील एकशे सदतीस निरोगी वृद्धांवर अठरा महिने प्रयोग झाला. एका गटाने ध्यान केले, एका गटाने इंग्रजी भाषा शिकली, एका गटाने काहीच केले नाही. उतारवयात ज्यांना जपावे अशा मेंदूच्या दोन भागांचा आकार व त्यांतील रक्ताचा पुरवठा मोजला. ध्यानाने त्यांत फरक पडला नाही. मात्र लक्ष आवरणे, इतरांशी समभावाने वागणे व स्वतःला ओळखणे ह्यांच्या एकत्रित मापात, ध्यानाचा गट इंग्रजी शिकणाऱ्या गटाहून सरस ठरला. म्हणजे माणसे काही शिकली, पण ते शिकणे यंत्राच्या चित्रात दिसण्याइतके ठसठशीत नव्हते. वीस-तीस वर्षांच्या अखंड साधनेने काय होते, हा प्रश्न मात्र अद्याप उघडा आहे. कारण इतकी वर्षे कोणाला चिठ्ठी टाकून बसविता येत नाही.

ध्यानासारख्या गोष्टीला असे मोजमाप लावणे हीच अश्रद्धा होय, असे कित्येकांना वाटते. त्यांनी लोणावळ्याकडे पाहावे. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, ह्यांनी १९२४ साली तेथे कैवल्यधाम स्थापन केले, आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून योगक्रियांची क्षकिरणांनी व दाबमापकांनी केलेली परीक्षा त्यात छापण्यास आरंभ केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो हे त्यांनी मोजून दाखविले, आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. श्रद्धा व मोजपट्टी एका हातात धरण्याची ही रीत महाराष्ट्रात शंभर वर्षांची जुनी आहे. मोजपट्टी प्रतिकूल बोलली म्हणून ती फेकून देणे त्या रीतीत बसत नाही.

ह्यावरून ध्यान व्यर्थ आहे असे मात्र कोणी समजू नये. मेंदू जाड झाला नाही, म्हणून मनाला उतार पडला नाही असे होत नाही. तापाचा उतार हाडांच्या लांबीत कोणी शोधत नाही. २०१४ साली सत्तेचाळीस प्रयोगांचा, साडेतीन हजार माणसांचा, एकत्र आढावा घेण्यात आला. चिंता, खिन्नता व वेदना ह्यांत सजगतेच्या वर्गांनी अल्प ते मध्यम प्रतीचा लाभ होतो असे त्यात दिसले. व्यायाम किंवा औषध ह्यांच्याहून तो अधिक असल्याचे दिसले नाही. पुढे, चिंतेच्या विकाराने आजारी असलेल्या दोनशे शहात्तर माणसांपैकी काहींना आठ आठवड्यांचा वर्ग व काहींना एस्सिटॅलोप्रॅम हे नेहमीचे औषध देऊन पाहिले. वर्ग औषधाहून कमी पडला नाही. हा लाभ लहान नव्हे. ज्याची रात्र काळजीत जाते, त्याने रोज वीस मिनिटे श्वास पाहावयास काहीच हरकत नाही. फक्त चालू असलेली औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि ज्याला पूर्वी कधी गंभीर मनोविकार होऊन गेला आहे, त्याने दहा दिवसांच्या मौनात एकदम उडी घेऊ नये. विपश्यनेची केंद्रे स्वतःच अर्जात ह्याची चौकशी करतात आणि अशांना शिबिरास येण्याचा सल्ला देत नाहीत.

राहता राहिली ती विसरणारी आजी. तिला शेजारी बसवून संध्याकाळी श्वासाचा अभ्यास करणाऱ्या मुलाचे चुकते असे कोण म्हणेल? घरात तेवढा वेळ निवांत गेला तरी पुष्कळ. परंतु त्याआधी तिला डॉक्टरांकडे न्यावे. थायरॉइडची उणीव, रक्तातील बी-१२ ह्या जीवनसत्त्वाची तूट, झोपेच्या किंवा इतर गोळ्यांचा परिणाम, लपून बसलेली खिन्नता, अथवा नुसता कमी झालेला कानही विसराळूपणाचे सोंग घेऊन येतो. ह्यांतील बहुतेकांवर उपाय आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचा पत्ता रक्ताच्या साध्या तपासणीत किंवा कानाच्या डॉक्टरकडे लागतो.